दोन ब्रेकची गाडी

"बाईंना फक्त ब्रेक दाबता येतो," रॉकेट म्हणाला, आणि टायरच्या दुकानात उभी असलेली पाच-सहा माणसं खो खो हसली. बाई तिथेच स्टुलावर बसल्या होत्या, पंक्चर निघायची वाट बघत. हसणाऱ्यांपैकी तिघांना गाडी त्यांनीच शिकवली होती. खुद्द रॉकेटलाही. तेव्हा त्याला हे नाव नव्हतं. चढावर गाडी मागे घसरली की पठ्ठ्या डोळे मिटून घ्यायचा. आता तो मोटर क्लबचा सलग तीन वर्षांचा विजेता होता आणि त्याच्या जिभेला हाड उरलं नव्हतं.

बाई अशा पेटल्या होत्या की चहासुद्धा त्यांनी अर्धा टाकला. एकोणीस वर्षं त्या बाजूच्या सीटवर बसून लोकांना ड्रायव्हिंग शिकवत होत्या. त्यांच्या पायाशी क्लच-ब्रेकची जादा जोडी होती. त्या ब्रेकने किती भिंती, किती सायकली आणि किती हातपाय वाचवले, त्याला गणती नाही. आणि हा कालचा पोर त्याच ब्रेकवरून हशा मिळवत होता. संध्याकाळच्या आत त्यांनी क्लबचा फॉर्म आणला.

शर्यत तशी सोपी. मोकळ्या पटांगणात प्लॅस्टिकचे शंकू मांडतात, त्यांच्यामधून एकेक गाडी वळणं घेत एकटीच पळते, आणि वेळ मोजतात. शंकू पडला की दोन सेकंद वाढतात. प्रत्येकाला तीन फेऱ्या, त्यातली सगळ्यात चांगली धरायची. अवघड असतं ते गट निवडणं. क्लबच्या सचिवांचं चष्म्याचं दुकान होतं, त्यामुळे ते प्रत्येक गोष्ट दोनदा वाचून दाखवायचे. त्यांनी नियम वाचला: गाडी कंपनीतून आली तशीच असेल तर मूळ गट, एक जरी जादा वस्तू बसवलेली असेल तर खुला गट. खुल्या गटात आतून पोखरून हलक्या केलेल्या, ट्रेलरवर चढून येणाऱ्या गाड्या असत.

"जादा पेडल काढून टाका, बाई," सचिव म्हणाले. मूळ गटात एक निवृत्त पोस्टमास्तर आणि दोन कॉलेजची पोरं होती. कप बाईंच्या घरात आल्यातच जमा होता.

बाईंचा धाकटा भाऊ सोबत होता. त्याचं गॅरेज होतं. त्याने मान डोलावली; चार बोल्टचं काम, दहा मिनिटं.

"रॉकेट कोणत्या गटात आहे?" बाईंनी विचारलं.

"खुल्या."

"मग माझंही तिथेच लिहा. पेडल राहतील."

घरी येईपर्यंत भाऊ कुरकुरत होता. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण, त्याचं म्हणणं. खुल्या गटात जायचंच तर निदान गाडी तरी तशी करू. मागची सीट काढू, स्प्रिंगा बदलू. बाईंनी दोन्ही नाकारलं. शर्यतीच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी आठ वाजता याच गाडीत एक आजोबा शिकायला बसणार होते, आणि त्यांना पाठीत धक्के खायची हौस नव्हती.

मग जे सोमवारच्या आत परत जागेवर येईल तेवढंच केलं. छतावरची शाळेची पाटी उतरवली. स्टेपनी, जॅक, पायपुसणी, सीटखाली सापडलेल्या तीन छत्र्या, सगळं बाहेर काढलं. ही गाडी वळणावर नाक सरळ ठेवून पुढेच सरकायची, म्हणून मागच्या टायरांत भावाने हवा वाढवली, म्हणजे शेपूट जरा मोकळं फिरेल. टायरच्या कडेला त्याने खडूची रेघ ओढली. वळणात टायर कितपत कलंडतो ते रेघ किती पुसली गेली यावरून कळतं. तोंडाने कुरकुर चालू होती, पण हात मन लावून काम करत होते.

रविवारी सकाळी पहिल्याच फेरीत बाईंनी दोन शंकू उडवले. दुसऱ्या फेरीत आणखी एक. भाऊ खाली बसून खडूच्या रेघा बघत होता, पण टायरांचं काही चुकत नव्हतं. "ताई, तिन्ही शंकू तुझ्याच बाजूचे गेलेत," तो म्हणाला. "पलीकडचा एकही हलला नाही."

बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गाडीची पलीकडची कड त्यांना झोपेतही सांगता आली असती, एकोणीस वर्षं त्या तिथे बसल्या होत्या. ज्या सीटवर आज बसल्या होत्या तिथली कड त्यांना पाठच नव्हती. काखेत कळसा म्हणतात तो हाच. त्यांना हसू आलं आणि लाजही वाटली.

तोपर्यंत रॉकेटच्या तिन्ही फेऱ्या झाल्या होत्या. पहिल्या दोन भन्नाट वेगाच्या, पण शंकूंचा चुराडा. तिसरी सांभाळून: अठ्ठेचाळीस सेकंद, दोन दशांश. तो बाईंच्या खिडकीशी आला. "बाई, जपून हां. या गाडीत सोमवारी पोरं बसायचीत."

"बाजूला हो," बाई म्हणाल्या. "आरशात दिसत नाही मला."

झेंडा पडला. बाईंनी गाडी काढली आणि पहिल्या वळणाच्या आधी तोंड उघडलं. बाजूची सीट रिकामी होती, तरी तिथून शिकवत असल्यासारख्याच त्या बोलू लागल्या. "तुझी बाजू बघ. तुझी. आता ब्रेक, सरळ असतानाच. सोड. आता वळव, अर्धंच. शेपूट फिरतंय, फिरू दे. घाबरू नकोस, मी आहे." ते शेवटचं वाक्य त्या हजार माणसांना म्हणाल्या होत्या, त्यांना स्वतःला ते आजवर कोणी म्हटलं नव्हतं. त्यांचा पाय डगमगला नाही. शेवटच्या रांगेत शंकू दोन बोटांवरून गेला आणि उभा राहिला.

अठ्ठेचाळीस सेकंद, तीन दशांश.

सचिव धावतच आले. फळ्यावर अजून लिहिलं नव्हतं. त्यांनी आवाज खाली आणला. मूळ गटात पोस्टमास्तर बावन्नवर पहिले होते. पेडलचे बोल्ट आत्ता काढले तर सचिव गट बदलून देतील, कोण बघतंय? भावाच्या हातात पाना आधीच आला होता. "ताई, कप आहे," तो म्हणाला. "इथे तू दुसरी. आणि खुल्या गटात दुसऱ्याला काहीच देत नाहीत."

बाई फळ्याकडे बघत होत्या. रॉकेटही फळ्याकडेच बघत उभा होता. त्याच्या ट्रेलरपाशी जमलेली माणसंही तिकडेच सरकत होती.

"पळाले तशीच लिहा," बाई म्हणाल्या. "त्याच्या खाली. एका दशांशाने खाली. आणि जरा मोठ्या अक्षरात लिहा, टायरच्या दुकानातल्यांना लांबून वाचता आलं पाहिजे."

सचिवांनी खडू उचलला. बाईंनी भावाच्या हातातला पाना काढून घेतला आणि फळ्यावरचा शेवटचा आकडा पुरा होईपर्यंत तो धरून उभ्या राहिल्या.