कुलूप घातलेली सीडी

"मावशी, आदळआपट करू नका. ह्या सीडीला कुलूप आहे. फोडलं तर केस माझ्यावर होईल!"

"कुलूप कपाटाला असतं राजकुमार, गाण्याला नाय!"

टीव्ही सेंटर चौकातल्या ह्या कॉम्प्युटर दुकानात दुकानदार राजकुमार आणि भामाबाईमावशीचं जिच्यावरून भांडण पेटलंय, ती सीडी मीच बोलतेय. वीस वर्षं दुसऱ्यांचं गायले, आज माझं ऐका.

माझ्या पोटात ही भामाबाई आणि तिची धाकटी बहीण कडूबाई, दोघींनी गायलेली भीमगीतं आहेत. ना पेटीमास्तर, ना शाळा. हर्सूलकडच्या रानात खुरपता खुरपता जुळवलेल्या चाली. नामविस्तार दिनाला विद्यापीठाच्या गेटसमोर स्टॉलवर मी वाजले, तेव्हा रस्ता थबकला होता. बढाई नाही मारत; चहावाल्याचा चहा उतू गेला, तरी त्याला भान नव्हतं.

सीडी काढणाऱ्या कंपनीनं मात्र, कुणी कॉपी करू नये म्हणून, मला जन्मतःच आतून कुलूप घातलं. ऐका, पण उतरवून घेऊ नका! करारावर सही भामाबाईचीच. ती नुकतीच सही शिकली होती. त्याच ऐटीत तिनं न वाचलेल्या कागदावर झोकात नाव लिहिलं. वाचायला शिकली ती पुढं, दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं जुळवून जुळवून.

मग कंपनी बंद पडली, चावी घेऊन गेली. तीन वर्षांपूर्वी कडूबाईही जग सोडून गेली. आता माझ्यावर ओरखडे आलेत, वाजवलं की अडखळते. कॉम्प्युटरनं सावकाश उतरवून घेतलं तरच आतलं टिकेल, अन् नेमकी त्यालाच मनाई. मला खुशाल मोडा, पण आधी रिकामी करून घ्या, एवढंच मागणं आहे.

"सरकारनं नियम करावा!" भामाबाईनं काउंटरवर हात आपटला. "धंदा हाय तोवर लावा कुलूप. दुकान मोडलं, की चावी लोकायला द्या."

"सरकार कशाला मधे? कुलूप नसलं तर सगळे फुकटात ऐकतील. गाणाऱ्यानं खायचं काय?"

"गाणारी तुझ्या म्होरं उभी हाय, तिला इचार की!"

दुकानात हशा पिकला. राजकुमारही हसला. "मग तर सोपंच झालं, मावशी. तुमचा गळा अजून खणखणीत आहे. इथंच बसून गा, मोबाईलमध्ये भरून देतो. कुलूप नको, सरकार नको."

गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. मला वाटलं, संपलं आपलं. भामाबाईनं पदर खोचला, मला उचलून छातीशी धरलं आणि म्हणाली,

"माझं मी आत्ता गाते, माझ्या कडूबाईचं कोण गाईल रं?"