कल्चर सात

"लाल कसे?" नेत्राने तळहात साहेबांच्या नाकासमोर धरला. "माझ्या वाणाचा दाणा पांढरा आहे, साहेब. हे लाल कुठून आले?"

तिच्या ऑफिसचे साहेब पेढा चघळत होते. शनिवारी संध्याकाळी नेत्राच्या बेव्हर्ली पार्कमधल्या छोट्याशा फ्लॅटवर ते स्वतः पेढे घेऊन आले होते, सोबत नमुन्याच्या भाताची पिशवी. बातमीच तशी होती. खाऱ्या जमिनीसाठी नेत्राने तयार केलेलं भात, कागदोपत्री नाव 'कल्चर सात', खारी गावातल्या चाचणीत पहिलं आलं होतं. सोमवारी समितीने मान्यता दिली की बी शेतकऱ्यांकडे जाणार आणि नेत्रा विभागप्रमुख होणार. आणि ही बाई पेढा बाजूला ठेवून मूठभर भात तळहातांत रगडत बसली!

ही खोड हॉलंडची. सत्याऐंशी साली शिष्यवृत्तीवर ती तिकडे पिकांचे नवे वाण तयार करायला शिकली. तिचे प्रोफेसर महाखडूस. "पोत्यावरची चिठ्ठी माणूस लिहितो. तू दाणा सोलून बघ," म्हणायचे. पहिल्या वर्षी न सोलता लिहिलेलं तिचं सहा महिन्यांचं काम त्यांनी सरळ केराच्या टोपलीत टाकलं. ती रडली, चिडली, आणि जन्माची शहाणी झाली. कल्चर सातचा पहिला संकर तिने तिथल्याच काचघरात केला होता. त्याला आता सात वर्षं झाली. सात वर्षं म्हणजे काय चेष्टा आहे?

"मळणीत मिसळले असतील थोडे," साहेब म्हणाले.

"थोडे? निम्मे लाल आहेत!"

कापणीला ती स्वतः असती तर प्रश्नच नव्हता. पण गणपतीपासून दिवाळीपर्यंत लेक सुरुची काविळीने अंथरुणाला खिळलेली. पिठोरी अमावास्येच्या उधाणात बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलं, तेव्हा नेत्रा शेवटची जाऊन आली होती. नंतर ऑफिसचा माणूस सांगत आला, मॅडम, शेत पुन्हा हिरवंगार झालंय. वाण तगला म्हणून तिने देवापुढे साखर ठेवली होती.

रविवारी सकाळी ती खारीत कृष्णाबाईच्या दारात हजर. चाचणीचं शेत कृष्णाबाईचं. लाल दाणे पुढे करून तिने विचारलं, हे कुठून आले?

"मंग! मीच लावला," कृष्णाबाई कौतुकाने म्हणाली. "तुजा भात निम्म्याच्या वर करपला व्हता. तुजी पोर आजारी, तू यनार कशी? शेतान नांगा ठेवाचा न्हाय बाय, वाईट दिसतं. आमच्या रत्याची रोपं उपटली न् सगले नांगे भरून काढले. तुला बरा वाटंल म्हनून."

रता म्हणजे तिथलं गावठी भात, आत लालभडक. आणि शेतात नांगा, म्हणजे रिकामी जागा, ठेवायची नाही ही तिथली रीत. नेत्रा मटकन ओट्यावर बसली. पहिलं आलेलं तिचं भात नव्हतंच. तिचं मेलं होतं, आणि ह्या बाईने मायेपोटी त्याच्या जागी आपलं उभं केलं होतं.

"काय चुकला का गं?"

"नाही मावशी," नेत्राने डोळे पुसले. "तुमचा रता जगला. त्यात कुणाचं काय चुकणार?"

घरी येऊन तिने नवऱ्याला, बबनला, सगळं सांगितलं. तो डोक्याला हात लावून बसला. "तुझ्या ह्या डिग्रीसाठी आपण लग्न दोन वर्षं पुढे ढकललं, नेत्रा. आणि आता तू स्वतःच जाऊन नापास झाले म्हणून सांगणार?"

"मग काय, डिग्रीला लोणचं लावून खाऊ?" नेत्रा उसळली. बबनने डोक्यावरचा हात काढला. म्हणाला, "उद्या सुट्टी टाकतो. सुरुची अजून अशक्त आहे, तिच्याजवळ मी थांबतो, तू जा."

सोमवारी समितीच्या दाराशी साहेबांनी तिला गाठलं. "हे बघा, लाल दाणे मला दिसले नाहीत, तुम्हालाही दिसले नाहीत. पुढच्या वर्षी शुद्ध बी करून घेऊ."

"आणि या वर्षी लोकांनी काय पेरायचं? करपणारं भात?"

"मॅडम, खुर्ची हातची जाईल."

"जाऊ दे!"

आत जाऊन तिने सगळं सांगितलं. उधाण, कृष्णाबाईचे नांगे, आपली गैरहजेरी, काही म्हणता काही लपवलं नाही. टेबलाच्या टोकाला कुणीतरी फिस्सकन हसलं. अध्यक्षांनी चष्मा काढला. "हॉलंडला जाऊन हेच शिकून आलात?"

"हो, हेच शिकले," नेत्रा म्हणाली. "आणि त्या गावठी रत्याची रीतसर चाचणी घ्या. तसा अर्ज मी आजच देतेय."

अध्यक्षांनी यादी पुढे ओढली आणि कल्चर सातवर रेघ मारायला पेन उघडलं.

"थांबा," नेत्रा म्हणाली. "वाण माझा आहे. मी खोडते."

तिने पट्टी मागून घेतली. नावावर ठेवली, एक सरळ रेघ ओढली आणि खाली पूर्ण सही केली. मग पट्टी परत देऊन ती खुर्चीत ताठ बसून राहिली, पुढच्या वाणाचं नाव पुकारेपर्यंत.