खासदाराचा कोट आणि एक रविवार

मित्रांनो, मी लोकरीचा कोट आहे. एका खासदाराच्या खांद्यांवर मी तेरा वर्षे काढली, आणि त्याच्या दारामागच्या खुंटीवर आता सतरावे वर्ष चालू आहे. माझ्या बाह्या कोपराजवळ विरल्या आहेत आणि कॉलरला कसर लागली आहे. त्याचे मला फारसे दुःख नाही. मला बोलता आले असते तर एका माणसाची संसदेतली जागा वाचली असती, ही गोष्ट मात्र मला अजून सोडत नाही.

स्कॉटलंडच्या वायव्येला, जिथे झाडे उभी राहू शकत नाहीत इतका वारा असतो, त्या बेटावर पेगी-ॲन नावाच्या विणकरणीच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी जन्मलो. तिने खडकांवरचे दगडफूल खरवडून आणले, मोठ्या कढईत लोकरीचा एक थर आणि दगडफुलाचा एक थर लावून ते दिवसभर उकळले, आणि त्यातून माझा तांबूस रंग उतरला. आमच्याकडचे कोळी या रंगाचा कपडा घालून बोटीत चढत नाहीत. दगडावरून आलेला रंग माणसाला तळाच्या दगडांकडे ओढतो, अशी त्यांची समजूत आहे.

बंदराच्या कचेरीतला कारकून मर्डो मॅकफेल पहिल्यांदा निवडून आला, तेव्हा पेगी-ॲनने मला त्याच्या हातात ठेवले.

"घे. लंडनला थंडी कमी असते म्हणतात, पण माणसं गार असतात," ती म्हणाली. "आणि तिथल्या नदीकाठाने जपून चाल. बुडालास तर लोक माझ्या रंगाला नावं ठेवतील."

मर्डोची बायको डोलीना बाजूला उभी होती. ती शाळेत शिक्षिका होती, आणि अर्ध्या बेटाला तिने पाढे शिकवले होते. तिने माझी बटणे एकेक ओढून पाहिली आणि मान हलवली. मी तिच्या परीक्षेत उत्तीर्ण झालो.

संसदेत प्रत्येक सभासदाच्या नावाची एक खुंटी असते आणि तिला एक फीत बांधलेली असते. पूर्वी तिच्यात तलवार अडकवत, आता लोक छत्री अडकवतात. त्या खुंटीपलीकडे मला प्रवेश नव्हता. मर्डोची भाषणे मी कधीच ऐकली नाहीत. मतदानाची घंटा वाजे, पावले धावत, दारे लागत, आणि मग बराच वेळ मी आणि इतर कोट एकमेकांकडे न पाहता लटकत राहू. तो परत आला की त्याच्या खांद्यांवरून मला कळे, आत काय झाले ते.

"मॅकफेल, तुमची मेंढी जरा दूर बांधा हो, माझ्या कोटाला घासते," शेजारच्या खुंटीचे गृहस्थ एकदा म्हणाले.

"ती माझी मतदार आहे," मर्डो म्हणाला. "तिला दूर कसं लोटू?"

पहिला वाद दुसऱ्या कारकिर्दीत झाला. बुडत्या बोटींना वाचवणारे आमच्या खाडीवरचे केंद्र बंद करावे, असा ठराव त्याच्याच पक्षाने आणला होता. मतदानाला तिथे दोन दालने असतात, एक होकाराचे आणि एक नकाराचे. मर्डो नकाराच्या दालनात गेला. त्या दुपारी पक्षाच्या प्रतोदाने त्याला माझ्यासमोरच गाठले.

"दार चुकलं तुमचं, मॅकफेल."

"नाही साहेब. मी दारावरची पाटी वाचून मगच आत शिरलो."

त्यानंतर जेवणाच्या टेबलावर त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. वर्तमानपत्रांनी त्याला फितूर म्हटले. पण केंद्र टिकले, आणि तो बेटावर परतला तेव्हा धक्क्यावरचे कोळी, जे माझ्या रंगाला घाबरत, ते माझ्या बाहीला हात लावून गेले. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सर्वांत उबदार दिवस होता.

पुढे रविवारच्या बोटीचा प्रश्न आला. आमच्या बेटावर रविवार म्हणजे रविवार, देवाचा वार, कामाला हात लावायचा नाही. दुकाने बंद असतात, बागेतले झोके बांधून ठेवतात, बटाटे शनिवारीच सोलून पाण्यात टाकतात, आणि दोरीवर कपडा दिसला तर तो कोणाचा आहे हे बेटाच्या दुसऱ्या टोकाला कळते. बोटीच्या मालकांना रविवारीही फेरी हवी होती. मर्डोने सभेत शब्द दिला की बेटाला विचारल्याशिवाय रविवारी बोट धक्क्याला लागणार नाही. चौथी निवडणूक तोंडावर आली होती, आणि ती त्या शब्दावरच उभी होती.

त्याच वर्षी डोलीना विसरू लागली. आधी नावे गेली, मग वाटा. मुख्य भूमीवरच्या डॉक्टरांकडून परतताना, बोटीच्या कठड्याशी उभे असताना, तिने मर्डोच्या हाताबरोबर आपला हात माझ्या खिशात घातला.

"कोणाला सांगू नकोस हं, मर्डो. ज्यांच्या वह्या मी तपासल्या, ती पोरं माझी कीव करतील."

"नाही सांगणार."

तो शब्द फक्त मी ऐकला.

निवडणुकीआधीच्या शनिवारी मर्डो घरोघर फिरला आणि मी पावसात चिंब भिजलो. त्याने मला चुलीजवळच्या खुर्चीवर पसरले. सकाळी तो आत तयार होत असताना डोलीना आली. तिने मला उचलले, अंगणात नेले आणि रस्त्याकडेच्या दोरीवर चार चिमटे लावून, बाह्या नीट ओढून वाळत घातले. वारा छान सुटला होता. ती गुणगुणत होती. चर्चला निघालेली पहिली गाडी आमच्या फाटकाशी मंदावली, मग दुसरी.

मर्डो चर्चला आणि अंत्ययात्रेला घालायचा काळा पोशाख घालून, हातात बायबल घेऊन बाहेर आला. त्याने मला पाहिले. दोन पावले तो माझ्याकडे धावलाच.

"डोलीना, आज वार कोणता?"

"सोमवार. धुण्याचा वार. विचारतोस काय?" आणि मग तिची नजर त्याच्या काळ्या कपड्यांवर गेली. तिचा चेहरा उतरला. "कोण वारलं रे? मला कोणी सांगितलं कसं नाही?"

माझ्यापर्यंत पोचलेला त्याचा हात मी पाहत होतो. एक चिमटा काढायचा अवकाश होता. पण तो काढला असता तर तिला कारण सांगावे लागले असते, आणि तिला आपली चूक कळली असती. रस्त्यावर तिसरी गाडी थांबली होती.

"कोणी नाही वारलं," तो म्हणाला. "जुना पोशाख अंगात बसतो का, बघत होतो." त्याने टाय सोडला. "वारा चांगला आहे आज. वाळेल लवकर."

त्या दिवशी तो चर्चला गेला नाही. त्या घरात सोमवार होता. दोघांनी पायरीवर बसून बटाटे सोलले, आणि संध्याकाळपर्यंत मी दोरीवर फडफडत राहिलो. सगळ्या बेटाने मला पाहिले.

मंगळवारी टॉरमॉड आला. तो चर्चचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांपैकी एक होता आणि मर्डोचा शाळेतला बाकसोबती.

"मर्डो, एकशे बारा माणसांनी तो कोट पाहिला. मी मोजली नाहीत, पण बायकोने मोजली."

"तिला गणित डोलीनाने शिकवलंय. बरोबरच असेल."

"थट्टा नको. कोणी घातला तो वाळत?"

"कोट माझा आहे."

"कोणाचा आहे ते विचारलं नाही मी. डोलीना तर असं करणार नाही, ती माझ्यापेक्षा कडक."

"नाहीच करणार."

"म्हणजे तूच. आणि वर चर्चलाही आला नाहीस. अरे, उद्या सभेत उभा राहून चूक झाली म्हण. लोक माफ करतील."

"चूक झाली असती तर म्हटलं असतं," मर्डो म्हणाला.

टॉरमॉड टोपी घालून निघून गेला. दुकानात लोक म्हणू लागले, "मर्डोला मत द्यायचं तर द्या, पण रविवारी शोधू नका. तो धुण्यात असतो." शब्द देणारा माणूस स्वतःचाच रविवार पाळत नाही, असे वर्तमानपत्रांनी लिहिले. मी खुंटीवरून सगळे ऐकत होतो, आणि मित्रांनो, मला वाचा नव्हती.

गुरुवारी तो त्र्याण्णव मतांनी हरला.

घरातला दूरध्वनी हळूहळू वाजायचा थांबला. तीन वर्षांनी एका सकाळी डोलीना सपाता घालून बंद शाळेच्या दारात जाऊन उभी राहिली, आणि मुले अजून का आली नाहीत म्हणून रडू लागली. तेव्हा बेटाला कळले. लोकांनी मनातल्या मनात मागचे सगळे हिशेब जुळवले. पण कोणी काही बोलले नाही. आधी ते मर्डोवर रागावून दूर होते, आता शरमेने दूर झाले. रस्त्यात भेटले की मान लववत आणि भराभर पुढे जात. रागावलेला माणूस एखाद्या दिवशी भांडायला तरी येतो. शरमलेला येत नाही.

टॉरमॉड मात्र एकदा आला. आत आला नाही, उंबऱ्यावरच उभा राहिला.

"तेव्हा सांगितलं असतंस तर..."

"तर जिंकलो असतो. ठाऊक आहे मला."

"मग का नाही सांगितलंस?"

"तिने नको म्हटलं होतं."

टॉरमॉड पायरी उतरला आणि जाताना फाटक ओढून घेतले. त्यानंतर तो परत आला नाही. पुढच्या हिवाळ्यात डोलीना गेली. तिच्या अंत्ययात्रेला सगळे बेट आले, आणि दुसऱ्या दिवशी सगळे बेट आपापल्या कामाला लागले.

आता रविवारीही बोट येते. बेटाला कोणी विचारले होते की नाही, मला ठाऊक नाही. मर्डो ऐंशीच्या पुढे गेला आहे. कधीकधी तो माझ्यासमोर उभा राहतो, माझ्या बाहीवरून हात फिरवतो आणि मला न घेताच आत वळतो. जायचे कुठे, हे त्यालाही सुचत नाही आणि मलाही.

मित्रांनो, लोकरीच्या कोटाला वर्षातून दोनदा ऊन दाखवा आणि ब्रशने झाडा, म्हणजे कसर लागत नाही. पण माझी काळजी नंतर केलीत तरी चालेल. तुमच्या रस्त्यावरही असे एखादे घर असेल. आतल्या माणसाविषयी लोक काहीतरी बोलून झाले असतील, आणि आता काहीच बोलत नसतील. त्या घरी जा. क्षमा मागायला नको, विचारपूसही नको, नुसते जा. गेल्या आठवड्यात कोणीतरी आमचे दार वाजवले होते. मी दारामागेच असतो, म्हणून मला नीट ऐकू आले. मर्डोचे गुडघे दुखतात. तो खुर्चीतून उठला, भिंत धरत आला, कडी काढली. पायरीवर कोणी नव्हते.

दार वाजवलेत, तर थोडे थांबा.