दिवसा झोपणाऱ्याची खोली

त्या घरात सकाळी आठ ते दुपारी तीन या वेळात कुणी मोठ्याने बोलत नसे. कुणी मेलंबिलं नव्हतं. घरचा कर्ता माणूस झोपलेला असे, एवढंच.

हा कर्ता माणूस पावाच्या कारखान्यात रात्रपाळीला भट्टी सांभाळायचा. रात्री दहाला जायचा, सकाळी सातला मैद्याने पांढराफटक होऊन परत यायचा, आंघोळ करायचा, चहा प्यायचा आणि आठच्या ठोक्याला आडवा व्हायचा. गल्लीत त्यांना घुबडराव म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. घुबड हा कष्टाळू पक्षी आहे असं त्यांचं मत होतं.

आता ही शांतता काही घुबडरावांनी मागितलेली नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर तुम्ही उगाच त्या माणसाला हुकूमशहा ठरवून मोकळे व्हाल. थोरली मुलगी तान्ही होती तेव्हाची गोष्ट. पोरीने रडून रडून घर डोक्यावर घेतलं होतं, चार दिवस घुबडरावांच्या डोळ्याला डोळा लागला नाही, आणि पाचव्या रात्री भट्टीसमोर उभ्या उभ्या डुलकी येऊन उजवा हात कोपरापर्यंत भाजला. बायकोने पट्टी बांधली. एक अक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून आठ ते तीन कुणीच बोललं नाही, आणि ते तसंच एकोणीस वर्षं चाललं. घुबडरावांनी मागितलं नाही हे खरं, पण नको असंही म्हटलं नाही. झोप फार छान लागत होती.

एकोणीस वर्षांत माणूस काय काय शिकतो! दारावरच्या घंटीची तार बायकोने स्वतःच्या हाताने कापली. पोस्टमन नखाने दार खरवडायचा. मिक्सर गोधडीत गुंडाळून फिरवायचा, कुकर पहाटे सहालाच लावून मोकळं व्हायचं, बिजागऱ्यांना दर रविवारी तेल. थोरली उशीत तोंड खुपसून शिंकायला शिकली. पुढे तिला टेलिफोन कंपनीत, घरी बसून लोकांच्या तक्रारी ऐकायचं काम लागलं. ते ती कपड्यांच्या कपाटात शिरून, कुजबुजत करायची. तक्रार करणाऱ्यांना वाटायचं, बिचारी आपल्या दुःखाने रडवेली झाली आहे. ते वरमून फोन ठेवत. कंपनीने तिला दोनदा प्रशस्तिपत्रक दिलं. बायकोला वाचनालयात संध्याकाळची नोकरी मिळाली, तेव्हा मुलाखतीत तिला फारसं काही विचारावंच लागलं नाही. धाकटी आणि थोरलीची भांडणं हातवाऱ्यांनी व्हायची आणि चिमट्यांनी मिटायची.

राहता राहिली घुबडरावांची आई. तिला दहा वर्षांपासून कमी ऐकू येत होतं. कानाशी जाऊन ओरडलं तर नीट कळायचं, पण सकाळी ओरडायचं कसं? म्हणून सकाळी तिच्याशी कुणी बोलतच नसे. खाणाखुणा करून चहा, खाणाखुणा करून जेवण. तीननंतर बोलायला कुणाची बंदी नव्हती. पण सात तास दाबून ठेवलेला आवाज तीन वाजले म्हणून काही उसळून वर येत नाही. सवय ती सवय.

तर एका रविवारी दुपारी चार वाजता बायकोने घुबडरावांच्या पुढ्यात एक रंगीत कागद ठेवला. धाकटीच्या शाळेला नुकती सुट्टी लागली होती आणि पोरगी दिवसभर घरात मांजरासारखी पाय न वाजवता फिरत होती. कागदावर एका बागेत एक टुमदार लाकडी खोली होती, आणि तिच्या दारात एक बाई उगाचच हसत उभी होती.

"बागेतली खोली," बायको म्हणाली. "आपल्या सुताराने हा कागद आणून दिला. तो असल्या खोल्या करून देतो. भिंती तिहेरी, काचा दुहेरी. आत टाचणी पडल्याचाही आवाज जात नाही म्हणे."

"आत टाचणी पडली तर आतच ऐकू येईल की," घुबडराव म्हणाले.

"बाहेर पडली तर, अहो."

"आणि ही कुणासाठी?"

बायकोने थोरलीकडे पाहिलं. थोरलीने धाकटीकडे पाहिलं. धाकटीच्या पुढे आजी होती, आणि आजी कागदावरच्या बाईकडे पाहत होती.

"तुमच्यासाठी," बायको म्हणाली. "तुम्हाला निवांत झोप मिळेल. आणि आम्हालाही जरा..."

"जरा काय?"

"जरा भांडी घासता येतील."

घुबडरावांना ते लागलं. चेहऱ्यावर काही दिसलं नाही, कारण त्यांच्या चेहऱ्यावर कधीच काही दिसत नसे. पण मनात त्यांनी सरळ हिशेब मांडला. ज्या घरासाठी एकोणीस वर्षं भट्टीपुढे भाजून घेतलं, ते घर आता आपल्याला बागेत नेऊन ठेवणार. कुदळ-फावड्याच्या शेजारी.

"खोली कामाची आहे की नाही हे झोपून बघितल्याशिवाय कसं कळणार?" ते म्हणाले. "आठ दिवस बाहेर झोपतो. मग सांगतो."

त्यांना वाटलं होतं, बायको म्हणेल, छे, बाहेर कसले झोपता! बायको म्हणाली, "मी खोपी झाडून देते."

बागेच्या कोपऱ्यात फळ्यांची एक खोपी होती. तीत कुदळ, फावडं, पाण्याचा पाइप आणि चाक नसलेली सायकल असा संसार होता. तो बाहेर निघाला आणि आत घडीची खाट गेली. फळ्यांना बोटबोट फटी. स्वयंपाकघराची खिडकी वीस पावलांवर.

सोमवारी सकाळी आठला घुबडराव खाटेवर आडवे झाले, डोळे मिटले आणि रुसले. दहा वाजेपर्यंत घरातून काहीही आवाज आला नाही. बघा, ते मनाशी म्हणाले, यांना गरजच नाही खोलीची. सव्वादहाला कुकरची शिट्टी झाली. एकच, भीत भीत. मग दुसरी. मग पाच मिनिटं सन्नाटा, म्हणजे सगळे खिडकीतून खोपीकडे बघत असणार. घुबडराव हलले नाहीत. मग घराने हळूहळू घसा मोकळा केला.

आधी एक ताट पडलं. ते उचलताना कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं, चांगलं खणखणीत. आणि मग कुणीतरी हसलं. ते हसू कुणाचं हे घुबडरावांना कळेना. घरात कुणी पाहुणी आली की काय? त्यांनी कान टवकारले. पुन्हा तेच हसू आलं, घोडा खिंकाळावा तसं, आणि मागोमाग धाकटी ओरडली, "ताई, पुरे ना!"

ती थोरली होती. एकोणीस वर्षांची पोर, आणि तिच्या बापाने तिचं हसू ओळखलं नव्हतं. घुबडराव उताणे पडून छपराकडे बघत राहिले. त्यांना लाज वाटली. मग परत हसू आलं तसे तेही थोडे हसले, कारण ते हसू होतंच तसलं.

त्या दिवशी झोप कसली आणि काय! धाकटी गाते हे कळलं. भयंकर गाते, हेही कळलं. बायको भांडी घासताना त्या भांड्यांशी बोलते, आणि चांगलं टाकून बोलते. आणि बारा वाजता आईच्या खोलीतून बायकोचा आवाज आला. वाचनालयातली बाई ही, पण गल्लीच्या टोकाला जाईल असा आवाज.

"आई! समोरच्या काकू गेल्या!"

"अरेरे!" आई म्हणाली. "कधी गं?"

"तीन वर्षं झाली!"

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं! हळू सांगितलं होतं!"

आई रडली. मग तिने विचारलं की आणखी कोण कोण गेलं. बायकोने यादी सांगितली. मग कोणाची लग्नं झाली, कोणाला मुलं झाली, थोरली नेमकं काय काम करते. "मला वाटायचं ती कपाटात रुसून बसते," आई म्हणाली. दहा वर्षांच्या बातम्या होत्या. दीड वाजेपर्यंत जेमतेम चार वर्षं झाली.

त्या रात्री घुबडरावांनी पावाच्या एका अख्ख्या खेपेत मीठच घातलं नाही. मुकादमाने पाव चाखला, त्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

"घरी बरंच काही आहे," घुबडराव म्हणाले. "मला माहीत नव्हतं."

मंगळवारी त्यांनी कापूस आणून कानात घातला. अर्ध्या तासाने काढून टाकला, कारण आई पाचव्या वर्षावर आली होती आणि त्यांच्या स्वतःच्या मावसभावाचं काहीतरी निघालं होतं. बुधवारी ऐकता ऐकताच झोप लागली. गुरुवारी आठलाच लागली, ती एकदम एकला मोडली. का मोडली म्हणून बघतात, तर घरात जेवायला बसल्यामुळे सगळे गप्प झाले होते.

घुबडराव काही खुळे नव्हते. शुक्रवारी चहा पिताना त्यांनी सरळ विचार केला. आवाजात झोप लागते. मग खोली कशाला हवी? घरातच झोपावं, आपल्या गादीवर, आणि घराने खुशाल आरडाओरडा करावा. खोलीचा प्रश्न मिटला, रुसव्याचाही मिटला. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी दुसरा कप मागितला.

"आज मी आतच झोपतो," ते म्हणाले. "तुम्ही तुमचं चालू द्या. मोठ्याने."

"हो," बायको कुजबुजली.

घुबडराव आत जाऊन पडले आणि वाट पाहू लागले. नऊ वाजले. कपाटाचं दार न वाजता उघडलं आणि न वाजता मिटलं, म्हणजे थोरली कामाला बसली. मिक्सर गोधडीतून घुमला. धाकटी दारावरून गेली ती श्वास धरून. दहा वाजता घुबडरावांना राहवेना. ते पडल्या पडल्या ओरडले, "अगं, बोला ना!"

घर थिजलं. बाहेर येऊन बघतात तो तिघी स्वयंपाकघरात उभ्या. बायको थोरलीकडे डोळे वटारून बघत होती, थोरली धाकटीकडे बोट दाखवत होती, धाकटी गळ्याला चिमटा घेऊन शपथा घेत होती. आवाज कुणी केला, बाबा कुणामुळे उठले, हे चाललं होतं.

"कुणी काही केलं नाही," घुबडराव म्हणाले. "मीच म्हणतोय, बोला."

"बोलतोय ना," बायको म्हणाली. ओठ हलले, म्हणून कळलं.

"भांडी आपटा. मला चालतं."

बायकोने एक वाटी उचलली. आपटायला हात वर नेला. आणि ती वाटी तिने ओट्यावर अशी ठेवली, जशी तान्ही पोर पाळण्यात ठेवावी. तिचे डोळे भरून आले. "होत नाही हो," ती म्हणाली. "तुम्ही आत आहात म्हटलं की हात आपोआप हलका होतो. मी काय करू?"

घुबडराव आईच्या खोलीच्या दारात गेले. आई खुर्चीत बसली होती. हात मांडीवर, नजर भिंतीवर. परवा याच वेळी ती कुणाच्या तरी लग्नाला बोलावलं नाही म्हणून आकाशपाताळ एक करत होती. तिने लेकाला पाहिलं, आणि बोट ओठांवर ठेवून त्याला खुणेने सांगितलं, जा, झोप.

इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की आपल्यामुळे हे घर चालतं. चालत होतंच. पण आपण घरात असलो की ते बंद पडतं, हे त्यांना त्या दारात उभं राहून कळलं, आणि फार वाईट वाटलं. त्यांनी उशी काखोटीला मारली आणि खोपीत गेले. अर्ध्या तासाने कुकर वाजला. मग ते झोपले.

सोमवारी आठ दिवस पुरे झाले. चारच्या सुमारास सुतार आला, काखेत भिंतीचा एक तुकडा घेऊन. आत फळी, मध्ये लोकर, बाहेर पुन्हा फळी. त्याने तो अंगणातल्या टेबलावर ठेवला आणि वर हातोडी मारून दाखवली. ठप्प.

"बघा," सुतार म्हणाला. "वाजतच नाही. आत तुम्ही आणि तुमची झोप. घरात बँड वाजवा नाहीतर काही करा."

सगळे घुबडरावांकडे बघत होते. बायकोने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं. आईलाही खुर्चीसकट बाहेर आणलं होतं.

"खोली करायची," घुबडराव म्हणाले.

बायकोने मान खाली घातली. तिला हवं तेच झालं होतं, तरी तिचा चेहरा उतरला. "तुम्हाला बाहेर काढायचं म्हणून नव्हतं हो," ती म्हणाली.

"माहीत आहे. पण या बाजूची भिंत, स्वयंपाकघराकडची, ती नुसत्या फळीची. एकेरी. मध्ये लोकर नको. आणि खिडकी याच बाजूला, मोठी."

सुताराने हातोडी खाली ठेवली. "अहो, मग सगळा आवाज आत येईल."

"येऊ दे."

"मग खोली कशाला करता? लोक आवाज नको म्हणून करतात!"

"मी घरात असलो की या बोलत नाहीत," घुबडराव म्हणाले. "बाहेर असलो की बोलतात. मला यांचं ऐकायचंय. आठ दिवसांत जे ऐकलं ते एकोणीस वर्षांत ऐकलं नव्हतं. थोरली हसते कशी हे मला माहीत नव्हतं. तू तसं लिहून घे, किंवा नको लिहूस, पण लोकर घालू नकोस."

थोरलीने तोंडावर हात दाबला, पण उशीर झाला, ते घोड्यासारखं हसू आधीच बाहेर पडलं होतं. सुतार दोरी घेऊन मापं घ्यायला गेला. बायको उभी होती तिथेच खाली बसली आणि रडायला लागली, मोठ्याने, घुबडरावांच्या देखत.

"काय झालं?" आई विचारत होती. "काय म्हणाला तो? ही का रडते?"

धाकटी तिच्या कानाशी गेली. "बाबा म्हणतायत, त्यांना आपलं बोलणं ऐकायचंय!"

आईने लेकाकडे बघितलं. "मग इतकी वर्षं सांगितलं का नाही रे?" ती म्हणाली.

घुबडराव तिच्यापाशी गेले, खुर्चीजवळ उकिडवे बसले आणि भाजलेला हात तिच्या खांद्यावर ठेवून, तिला नीट कळेल असं ओरडून म्हणाले, "झोपलो होतो, आई!"