खोलीतली सरपंच

गावात वर्षाराणीला कुणीच सरपंच म्हणत नसे. युसूफ वडगावच्या अलीकडचं हे गाव. सरपंचपद बाईसाठी राखीव सुटलं, ती निवडून आली, आणि दुसऱ्याच दिवसापासून सगळे तिच्या नवऱ्याला, अंगदला, सरपंच म्हणू लागले. ती वहिनीच राहिली. खुर्चीत अंगद बसायचा, सही तेवढी तिची लागायची.

'सरपंच' हा शब्द तिला एकाच ठिकाणी मिळायचा. घरातल्या मागच्या खोलीत, कडी लावल्यावर. तिथं अंगद जमिनीवर गुडघे टेकून बसे, ती सांगेल ते करी, विचारल्याशिवाय बोलत नसे. दोघांचं सुख यातच होतं, आणि सुरुवात त्यानंच केली होती. बाहेर ती त्याला 'अहो' म्हणे. आत तो तिला 'तुमी' म्हणे आणि ती त्याला 'तू'.

अशा जोडप्यांचा फोनवर एक गट होता. खरी नावं कुणी सांगत नसे, पण हुकूम देणाऱ्या बाईला काय म्हणायचं ते आधी तिलाच विचारायचं, असा तिथला रिवाज. कुणी मॅडम निवडलं होतं, कुणी देवी, कुणी राणीसाहेब. लातूरकडची एक बाई स्वतःला सर म्हणवून घेई, आणि त्यावर कुणी हसत नसे. वर्षाराणीला देवी नको वाटलं. देवीला गाभाऱ्याबाहेर कोण येऊ देतं? राणी तर बारशापासून नावातच होती, तिचा काही उपयोग झाला नव्हता. तिनं लिहिलं, सरपंच.

सोमवारी ग्रामसभा होती. आदल्या दुपारी मागच्या खोलीत तिनं अंगदला हुकूम दिला. उद्या सगळ्यांसमोर खुर्चीतून उठायचं आणि म्हणायचं, 'सरपंच, बसा.' एवढंच. जमणार नसेल तर आत्ताच सांग, असंही ती म्हणाली. अंगदनं बराच वेळ विचार केला आणि होकार दिला.

सभेत ती बायकांमध्ये सतरंजीवर बसली होती. ग्रामसेवकानं रजिस्टर उघडलं तसा अंगद खरंच उठला.

"कावून उठलात, सरपंच?" पंचायतीतले आप्पाराव म्हणाले. "खुर्चीत ढेकूण झाले का?"

माणसं हसली. अंगदचे कान लाल झाले. तिच्याकडं न बघता तो म्हणाला, "न्हाई, सही राहिली हाय. ये गं, बस. सही कर."

ती गेली, बसली, तीन ठिकाणी सही केली. ग्रामसेवक रजिस्टर मिटून तिच्या उठण्याची वाट बघत उभा राहिला. ती बसूनच राहिली असती तर कुणाची उठवायची टाप होती? कायदा तिच्या बाजूनं होता. पण सगळ्या गावाचे डोळे तिच्यावर होते, आणि ती उठली.

घरी आल्यावर अंगदनं स्वतःच कडी लावली, गुडघे टेकले. "चुकलो, सरपंच. शिक्षा द्या."

शिक्षा झाली की याचं मन हलकं होणार, आणि पुढच्या सभेला हा पुन्हा त्याच खुर्चीत बसणार, हे तिला स्वच्छ दिसलं.

"शिक्षा न्हाई," ती म्हणाली. "आन् आजपासून मला सरपंच म्हणायचं न्हाई. जे चावडीवर तोंडातून निघंना, ते इथं लपून कशाला?"

"मग काय म्हणू तुमाला?"

तिनं गटातली सगळी नावं मनातल्या मनात म्हणून पाहिली. एकही आपलं वाटेना.

तेवढ्यात अंगणातून आप्पारावांची हाक आली. सरपंच घरात हायेत का, असं ते विचारत होते.

अंगदनं परवानगीसाठी मान वर करून तिच्याकडं पाहिलं.

"जा," ती म्हणाली. "तुलाच बोलवायलेत."

त्यानं गुडघे झटकले आणि कडी काढली. थोड्या वेळानं ओसरीवरून त्याचा आवाज आला, "अगं, दोन कप चहा टाक."

ती खोलीतच उभी राहिली. बाहेरचं बोलणं थांबलं होतं. दोघं वाट बघत होते. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि तिनं गॅसवर पातेलं ठेवलं.