कृपेची शिट्टी

कृपासागर या ख्रिस्ती मंडळीत त्या रविवारी घडलेल्या चमत्काराला दीडएक हजार साक्षीदार होते. त्याचे कारण मात्र त्यांपैकी एकीलाच ठाऊक होते. ती म्हणजे स्वप्नाली. मंगळवार पेठेत राहत्या घराखालीच तिचे कान तपासण्याचे क्लिनिक होते, आणि चमत्कार ज्यांच्यावर घडला त्या बाळाबाई तिच्याच घरी राहणाऱ्या सख्ख्या आत्या होत्या.

उपासना संपत आली की पाळक उदयसिंह आजाऱ्यांना व्यासपीठापाशी बोलावत आणि डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत. त्या दिवशी प्रभुभोजनही होते. बाळाबाईंना उभे राहायचे होते भाकर-द्राक्षारसाच्या रांगेत. पण नव्या सभागृहात रांगाच इतक्या, की वॉकीटॉकीवाल्या एका स्वयंसेवकाने त्यांना अदबीने दंडाला धरून आजाऱ्यांच्या रांगेत नेऊन सोडले. भाकरीची वाट पाहत त्याही निमूट पुढे सरकत राहिल्या.

"आजी, काय त्रास होतोय?" पाळकांनी विचारले.

"कानानं कमी ऐकू येतंय," बाळाबाईंनी सांगितले. पदराखाली कानामागे भाचीने बसवलेले मशीन आहे, हे त्यांना कोणी विचारले नाही.

पाळकांनी दोन्ही तळवे त्यांच्या कानांवर दाबले. कानाच्या मशीनवर असा हात दाबला की आतून निसटणारा आवाज तळव्यावर आपटून पुन्हा मशीनमध्येच शिरतो, वाढतो, पुन्हा निसटतो आणि मशीन शिट्टी वाजवू लागते. स्वप्नाली हे रोज पाहत असे. मात्र तिच्या क्लिनिकमध्ये पाळकांच्या गालाला चिकटलेला माइक नव्हता, की छताला टांगलेले स्पीकर नव्हते. सभागृहभर एक बारीक, थरथरता, या जगातला न वाटणारा सूर पसरला. कीबोर्डवाल्याने प्रसंगावधान राखून तोच सूर धरला. एलईडी पडद्यावर पांढरे कबुतर उडाले.

"ऐकू येतंय?" पाळक गरजले.

"येतंय की! वरडताय कशाला?"

दीड हजार माणसे एकदम उठून उभी राहिली.

ही मंडळी एके काळी पेठेतच, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत भरत असे. चाळीस माणसे आणि एक ढोलकी. कोणी आजारी पडले की प्रार्थना व्हायची आणि पाळीपाळीने डबा पोचायचा. आता हायवेलगत एसी सभागृह झाले होते. प्रार्थनेसाठी अ‍ॅप होते, डब्यांच्या जागी कॅफे. बिद्रीची शाखा भरात होती आणि गडहिंग्लजची उघडायची होती. त्या उद्घाटनाच्या फलकावर प्रसार विभागाच्या सम्राटने बाळाबाईंचा हसरा चेहरा छापला आणि खाली लिहिले: 'आता सर्व ऐकू येते.'

फलक लागला त्या दिवशी बाळाबाईंनी मशीन काढून डबीत ठेवले.

"आत्या, मशीन घाला," स्वप्नाली म्हणाली.

"आँ?"

"मशीन!"

"आगं, बरी झालेली बाई मशीन लावून हिंडली तर लोकं काय म्हणतील? देवाचं नाव खराब हुईल."

"देवाचं नाव मशीनवर चालतंय होय?"

"ऐकू आलं न्हाय," बाळाबाई म्हणाल्या. आणि हे खरे की सोयीचे, ते स्वप्नालीला कोणत्याही तपासणीने ठरवता आले नसते.

सोय होतीच. तरुणपणीच विधवा झालेल्या, आयुष्यभर लग्नाकार्यात स्वयंपाकघराच्या दाराशी बसलेल्या या बाईला आता पहिल्या ओळीत खुर्ची होती. न्यायला मंडळीची गाडी येई. बायका हात धरून काही ना काही सांगत, आणि बाळाबाई प्रसन्नपणे मान डोलवत. इतकी माणसे त्यांच्याशी पूर्वी कधी बोलली नव्हती; ती काय बोलतात हे मात्र आता कळत नव्हते.

मग एकदा गॅसवर दूध ओतू जाऊन भांडे जळाले, आणि एकदा मागून आलेली बुलेट पदराला चाटून गेली. स्वप्नालीने आत्यांना आवाजबंद खोलीत बसवून पुन्हा तपासले. आलेखाची रेघ चमत्कारापूर्वी होती तिथेच, जराही न हलता, उभी होती. तो कागद घेऊन ती उदयसिंहांच्या काचेच्या केबिनमध्ये गेली.

पाळकांनी आलेख लक्षपूर्वक पाहिला. "म्हणजे ती शिट्टी मशीनची?"

"हो."

"प्रभू कशातूनही शिट्टी काढू शकतो, ताई."

"काढू दे. पण आत्यांच्या कानात मशीन परत गेलं पाहिजे. मागून बुलेट आली, ती नुसती पदरावर निभावली."

उदयसिंहांनी आलेखाची घडी घातली. मग त्यांचा चेहरा उजळला. "कानाच्या आत जाणारं, दिसत नाही असं मशीन येतं ना? तेच बसवा. खर्च मंडळी करील."

स्वप्नाली आली होती भांडायला, पण आत्यांना ऐकू यावे एवढेच तिला हवे होते, आणि तेवढेच तिला मिळत होते. चमत्कारांची देखभाल-दुरुस्ती हा आपला व्यवसाय नव्हे, असे स्वतःला बजावत तिने आत्यांच्या कानाचा साचा घेतला.

नवे मशीन उत्तम चालले. बाळाबाई गडहिंग्लजला गेल्या, साक्ष दिली, आणि लोकांचे बोलणे ऐकून आल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या तांदूळ निवडत असताना सम्राटचा फोन आला. स्वप्नालीचे हात कणकेचे होते, म्हणून तिने स्पीकर लावला.

"ताई, जय ख्रिस्त! काल सात जण बरे झाले बघा! तसली आतली मशिनं सात लागतील."

"बरे झाले तर मशिनं कशाला?"

"बरं राहायला की, ताई!"

"त्यातली भैरी किती हुती, इचार त्याला," बाळाबाई तांदळावरून नजर न काढता म्हणाल्या.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "चार. बाकीची तिघं आपल्याच टीममधली."

"चौघांना पाठव. आधी तपासते," स्वप्नाली म्हणाली. "बहिरेपण जास्त असेल तर आतलं मशीन पुरत नाही. कानामागचं बसवावं लागेल."

"त्ये दिसतंय की वो."

"दिसतं."

"मग ऱ्हाऊ द्या. त्यांस्नी सवय हाय बहिरेपणाची. उद्घाटनाची हवा हाय तवर निघंल तसंच." फोन बंद झाला.

बाळाबाईंचा हात ताटात थांबला होता.

"धोंडुबाई हाय त्यात," त्या म्हणाल्या. "पोटुशी लेक पुण्याला ऱ्हाती. फोनवर तिचा आवाज ऐकायचाय म्हणून आलती. रांगेत जायला भीत हुती. म्या हात धरला आन म्हटलं, जा की पुढं, माझं झालं तसं तुझं बी हुईल."

"आत्या, तुम्हाला काय माहीत होतं—"

"मला कान हाय हे माहीत हुतं न्हवं? त्यात काय घातलंय, त्ये बी माहीत हुतं."

स्वप्नालीने कणीक पुन्हा मळायला घेतली. तिलाही ते माहीत होते. किंबहुना घातले तिनेच होते.

रविवारी सकाळी गाडी आली. खाली हॉर्न वाजला. बाळाबाई न्हाऊन, धुवट लुगडे नेसून तयार होत्या. तरी मेथीची जुडी पुढ्यात ओढून त्या खाली बसल्या.

"आत्या, गाडी आली."

"आली तर आली. जा, सांग त्याला, आत्याला ऐकू येत न्हाय म्हणावं."

"पाळकसाहेब विचारतील, असं कसं झालं म्हणून."

"पयल्यापास्नं असंच हाय म्हणावं. आन गाडी रिकामी न्हेऊ नको. तशीच गडहिंग्लजला जा, धोंडुबाईला घिऊन ये. कानामागचं बसीव तिला. चांगलं मोठं, लांबनं दिसंल असं."

"ते गाडी देणार नाहीत, आत्या."

"मग तू यष्टीनं जा."

स्वप्नालीने पर्स उचलली आणि ती जिना उतरू लागली. खाली ड्रायव्हर हॉर्न दाबतच होता. आणि बाळाबाई खिडकीकडे पाठ करून, प्रत्येक हॉर्नला कपाळाला आठी घालत, मेथी निवडत होत्या.