गच्चीवरचा परदेश

“उतरलं विमान,” असं म्हणत चिरंजीवांनी सुटकेस गच्चीवरच्या खोलीत आदळली आणि ते धापा टाकत दाराला टेकले. “केवढं सामान भरलंयस, आई! खरं विमान असतं तर निम्मं काढून ठेवायला लावलं असतं.”

बाईंनी खोलीभर नजर फिरवली. एक खाट, एक टेबल, एक शेगडी आणि पलीकडे छोटीशी न्हाणी. खिडकीतून खालचं अंगण दिसत होतं. आजपासून आठवडाभर हाच त्यांचा परदेश.

कल्पना त्यांचीच होती. ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत त्या वीसेक वर्षं शिकवत होत्या, म्हणून गल्लीभर त्या ‘बाई’च होत्या. पंचेचाळिशी ओलांडल्यावर त्यांनी परदेशातल्या एका विद्यापीठात याच विषयातल्या पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज केला, तोही निम्मा थट्टेत. विद्यापीठाने मात्र तो थट्टेवारी नेला नाही. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीही मिळाली, आणि बाई घरातल्या एकेकाकडे बघत हिशेब करू लागल्या. वर्षभर आपण नसलो तर या घराचं काय होईल? नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. साऱ्या गावाला नीट दिसावं म्हणून धडपडणाऱ्या या माणसाला स्वयंपाकघरातलं मीठ दिसत नसे. कॉलेजात जाणाऱ्या चिरंजीवांना सकाळी उठवणं म्हणजे गाढ झोपलेल्या सरकारला जागं करणं. आणि सासूबाईंनी तर पंच्याहत्तरी गाठलेली. तेव्हा बाईंनी अट घातली, की आधी रंगीत तालीम करायची. शाळेला रजा टाकून आठवडाभर त्या वर राहणार. खालच्यांनी त्या परदेशी आहेत असं धरून चालायचं आणि संध्याकाळी एकदा फोनवर तोंड दाखवायचं, बस्स. एकदा जरी त्यांना खाली यावं लागलं, तरी विद्यापीठाला नकार कळवायचा.

“मान्य,” सासूबाई सगळ्यांच्या आधी म्हणाल्या होत्या. “लोकांच्या पोरांना शिकवून झालं. आता तू शीक.”

खरं सांगायचं तर अट घालताना बाईंना मनातून वाटत होतं, दोन दिवसांत कोणीतरी हाक मारेल आणि आपण सुटू. परीक्षेच्या आदल्या दिवशी परीक्षाच रद्द झालेली कोणाला नको असते?

पहिल्या दिवशी, सोमवारी, त्यांनी सवयीने चौघांचा स्वयंपाक केला आणि मग तोच पुरवून पुरवून खाल्ला. संध्याकाळी त्या जिन्याच्या तोंडाशी कान टवकारून बसल्या. खालून दूध उतू गेल्याचा वास आला. एक डबा पडला आणि घरंगळत बराच लांब गेला. नवऱ्याने “अगं, मीठ कुठे...” अशी सुरुवात केली मात्र, सासूबाईंचा आवाज कडाडला.

“समुद्रापलीकडे गेलीय ती! हाका कसल्या मारतोस? शोध. हात आहेत ना देवाने दिलेले?”

दुसऱ्या दिवशी शेजारीण विळी मागायला आली. सासूबाईंनी तिलाही सोडलं नाही. “सूनबाई घरी नाही. परदेशी गेलीय.”

“अहो, पण आत्ताच तर गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या.”

“ती दुसरी कोणीतरी असेल,” सासूबाई म्हणाल्या, आणि विळी आणायला आत गेल्या. वर बाईंनी तोंडात पदराचा बोळा कोंबला, तरी हसू बाहेर पडलंच.

मग हळूहळू बाईंना एक शोध लागला. आपल्याला मजा येतेय! त्या पातेल्यातूनच जेवत होत्या. पुस्तक भांड्याला टेकवून वाचत होत्या. वाचता वाचता दुपारी झोप लागायची, आणि ती बसल्याजागी चोरून घेतलेली डुलकी नव्हे, चांगली तोंड उघडं टाकून लागलेली झोप. अंघोळ करताना तर त्या मोठ्याने गाऊ लागल्या होत्या. बाईंच्या गळ्यात आणि सुरात जन्मापासून अबोला होता, पण इथे ऐकणार कोण? आपण इतक्या खुशीत आहोत याची त्यांना अधूनमधून लाज वाटे, मग ती लाजही त्या विसरून जात. दुपारी कधी जिन्यावर चाहूल लागायची, दाराशी येऊन थांबायची. मांजर असेल, असं म्हणून त्या पान उलटायच्या. सोमवारी ज्या हाकेची त्या वाट बघत होत्या, ती हाक येऊच नये, असं शुक्रवार उजाडेपर्यंत त्यांना अगदी मनापासून वाटू लागलं होतं.

शुक्रवारी दुपारी जिन्यावर धपकन आवाज झाला. पाठोपाठ “अगं आई गं!” आणि नंतर एकदम शांतता. या घरात इतकी शांतता कधीच नसे, म्हणून बाई ताडकन उठून खिडकीशी गेल्या.

जेवायला घरी आलेला नवरा आणि चिरंजीव सासूबाईंना धरून अंगणातल्या बाकावर बसवत होते. वर ऐकू जाऊ नये म्हणून तिघंही श्वासाच्या आवाजात बोलत होते. बाईंच्या नोकरीचा या घराला विसर पडायचा तो असा. समोरच्याच्या ओठांवरून बोलणं कसं ओळखायचं, हे जी बाई रोज पोरांना शिकवते, तिच्याच खिडकीखाली, भर उजेडात बसून ही मंडळी कुजबुजत होती!

“वर सांगूया का?” नवऱ्याचे ओठ हलले.

“खबरदार!” सासूबाईंनी बोट उगारलं. “कळलं की ती धावत खाली येईल, आणि सगळं मुसळ केरात जाईल.”

“पण आजी, तू जिन्यावर कशाला गेली होतीस?”

सासूबाईंनी तोंड फिरवलं. पुढचं काही बाईंना वाचता आलं नाही.

पलीकडच्या गल्लीतले डॉक्टर आले. त्यांनी घोटा दाबून पाहिला, पाय हळूच फिरवला. “हाड शाबूत आहे. मुरगळलाय. उंचावर ठेवा, बर्फ लावा, तीन-चार दिवस टेकू देऊ नका.” नवरा प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. तो इतक्या झपाट्याने मान डोलवतो तेव्हा त्यातलं निम्मं विसरणार, हे बाईंना गच्चीवरूनही समजत होतं.

त्यांनी दार उघडलं. जिन्यावर, अगदी वरून दुसऱ्या पायरीवर, सासूबाईंची एक चप्पल उलटी पडली होती. म्हणजे रोज दुपारचं ते मांजर हे होतं तर.

बाई पायरीवर बसल्या. खाली उतरायला कितीसा वेळ लागणार होता? पाय शेकायचा, उशी द्यायची, दोन शब्द रागवायचं आणि सगळं पूर्ववत. खाली उतरणं इतकं सोपं होतं की त्यांना त्याचीच भीती वाटली. खालच्या तिघांनी आठवडाभर दूध उतू घालवून, हात भाजून, खोटं बोलून जे सांभाळलं होतं, ते त्या एका मिनिटात मोडणार होत्या. त्यांनी चप्पल उचलली, पदराने पुसली, आणि होती तशीच परत उलटी ठेवून दिली. खोलीत येऊन संध्याकाळ व्हायची वाट बघताना मात्र त्यांच्या हातून एक ओळही वाचून झाली नाही.

फोन लागला. पडद्यावर सासूबाई, खांद्यापर्यंतच. केस विंचरलेले, चेहऱ्याला पावडर. एरवी त्या पावडर फक्त लग्नकार्यात लावत.

“कशी आहेस? थंडी पडली का तिकडे?” त्यांनी रोजच्यासारखं विचारलं.

“पडलीय थोडी. तुम्ही कशा आहात?”

“मला काय धाड भरलीय? ठणठणीत.”

बाईंनी फोन थोडा जवळ धरला. मग म्हणाल्या, “आई, इथे माझ्या एका मैत्रिणीचा पाय मुरगळला. आज दुपारी. जिन्यावरून पडली.”

“मैत्रीण?” मागून नवऱ्याचा आवाज आला. “वर कोण आलंय?”

“तू गप्प बस रे,” सासूबाई म्हणाल्या. त्या पडद्याकडे टक लावून बघत होत्या. त्यांची नजर एकदा अंगणातून वरच्या खिडकीकडे गेली आणि परत आली. “फार लागलं का तिला?”

“हाड शाबूत आहे म्हणे. पण तिचा मुलगा विसरभोळा. त्याला सांगायला हवं, की पाय दोन उशांवर ठेव. बर्फ नुसता लावू नको, फडक्यात गुंडाळून लाव. आणि रात्री उठायचं झालं तर तिने एकटीने उठायचं नाही. हाक मारायची.”

“हट्टी असेल ती.”

“फार. शिवाय लोकांच्या दाराशी चोरून जाते.”

सासूबाईंनी ओठ घट्ट मिटले. हसू आवरायची त्यांची हीच पद्धत. “जाईल नाहीतर काय करेल? लोक न्हाणीत गातात. सूर ना ताल, पण गातात. एका घरात इतकी वर्षं काढून तिने ते कधी ऐकलं नसेल. ऐकावंसं वाटलं असेल बिचारीला.”

 बाईंनी फोन दुसऱ्या हातात घेतला.

“तिला विचारा ना, मी येऊ का भेटायला?”

“मुळीच नको,” सासूबाई ठासून म्हणाल्या. “तू गेलीस तर ती तुझं तोंड बघणार नाही. घरात मुलगा आहे, नातू आहे, त्यांचे हात काय गंजलेत? पाय काय, आज ना उद्या बरा होईल. विद्यापीठ काही दारात उभं राहून वाट बघत नाही.”

फोन ठेवल्यावर बाई खिडकीशी गेल्या. खाली दिव्याच्या उजेडात नवरा बर्फ फडक्यात गुंडाळत होता आणि चिरंजीव उशा आणायला पळत होते. दोघांपैकी कोणालाही हे अचानक कसं सुचलं, याचं कोडं पडल्यासारखं दिसत नव्हतं. सासूबाईंनी हुकूम सोडले असणार, आणि त्या घरात हुकमाला कारण विचारायची पद्धत नव्हती.

रविवारी बाईंनी विद्यापीठाला होकार कळवला आणि मगच जिना उतरल्या. सासूबाई लंगडत पुढे आल्या, “बसून बसून मुंग्या आल्यात मेल्या पायाला,” असं म्हणाल्या, आणि बाईंनी मान डोलवली.

खरा परदेश गच्चीपेक्षा बराच लांब निघाला. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात बाईंना मिळालेली खोली मात्र गच्चीवरच्या खोलीची सख्खी बहीण शोभली असती. एक खाट, एक टेबल, खिडकीखाली सायकली लावायची जागा. पहिल्याच आठवड्यात त्या दोनदा चुकीच्या इमारतीत जाऊन बसल्या, आणि एकदा तर चुकीच्या विषयाचं व्याख्यान शेवटपर्यंत ऐकून आल्या. घरच्या फोनवर नवऱ्याला त्या म्हणत, “सगळं छान.” चिरंजीवांना म्हणत, “एकदम मस्त.” दोघंही समाधानाने फोन पुढे देत.

महिनाभराने एका संध्याकाळी सासूबाईंनी फोन हातात घेतला, बाकीच्यांना खोलीबाहेर काढलं, आणि चष्मा नाकावर सारखा करत विचारलं, “तुझी ती मैत्रीण कशी आहे गं? तीही आली असेल ना तिकडे?”

बाई हसल्या. मग त्यांना बरंच काही सांगावंसं वाटलं. “आलीय. सुरुवातीला फार गांगरली हो. वर्गातली सगळी पोरं तिच्या मुलाच्या वयाची. उत्तर येत असायचं, पण तोंड शिवल्यासारखं. हूं नाही की चूं नाही. एकदा न्हाणीत नळ सोडून रडली.”

“गायली नाही?”

“नाही. रडली.”

“बरं. आणि आता?”

“आज बोलली! प्राध्यापक फळ्याकडे तोंड करून शिकवत होते. तिने सरळ हात वर केला. म्हणाली, सर, इकडे वळून बोला. ज्या मुलांसाठी आपण हे शिकतोय, त्यांना तुमची पाठ वाचता येणार नाही.”

“अगं बाई! मग?”

“मग सगळा वर्ग हसला. प्राध्यापक तर सगळ्यांत जास्त. तास संपल्यावर पोरं तिला ओढत चहाला घेऊन गेली. आत्ताच परत आलीय. अजून गाल दुखतायत हसून.”

सासूबाई इतक्या खुदखुदून हसल्या की पडद्यावर नुसतं छत दिसू लागलं. मग त्यांचा चेहरा परत आला. 

“इकडे माझीही एक मैत्रीण आहे,” त्या म्हणाल्या. “तुला कधी बोलले नाही.”

“कोण?”

“आहे एक. तिची सून परदेशी शिकायला गेलीय. दिवसभर मिरवते नुसती, आमची सून अशी नि आमची सून तशी. शेजारीण तर हल्ली तिला बघून रस्ता बदलते. पण दुपारी घर खायला उठतं तिला. मग वर जाऊन सुनेच्या खोलीत बसते.” त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला. “तू नको मनावर घेऊस. ती पहिल्यापासून रडूबाईच आहे.”

बाईंनी डोळे पुसले. पुसतानाही त्या हसतच होत्या.

“तिला सांगा, वर जाताना कठड्याला धरून जा म्हणावं.”

“सांगते,” सासूबाई म्हणाल्या. “पण ऐकेल तर शपथ.”